दिव्यावर धरलेलं अंडं

आमच्या चर्चच्या वाचनमंडळाचा वार्षिक अहवाल यंदाही टाइप करायला माझ्याकडेच आला. मंडळ चालवणाऱ्या बाईसाहेबांच्या वळणदार अक्षरातली चार पानं. तिसऱ्या पानाच्या मधोमध एक ओळ आहे: ‘एका सभासद भगिनीच्या गैरसमजामुळे कोंबडीवरील प्रकरणाचा समारोप होऊ शकला नाही.’

ती भगिनी म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. सगळे तिला अक्का म्हणतात. गैरसमज तिचा नव्हता, समज तेवढा तिला एकटीलाच होता. मी तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होते. खरे जबाब, खोटे जबाब, सगळे एक स्वल्पविराम इकडचा तिकडे न करता टाइप केले, आणि घरी जाऊन शांत झोपले. पण ही ओळ माझ्या बोटांतून उतरेना. म्हणून आधी हे लिहून काढते, मग अहवालाचं बघू.

अक्काने एकतीस वर्षं अंडी तपासली. शहराबाहेर एक उबवणी केंद्र आहे, म्हणजे कोंबडीशिवाय पिल्लं काढायचा कारखाना. माणसाहून उंच कपाटांत हजारो अंडी ऊब देऊन ठेवतात आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. पण त्याआधी, आठवड्याने, प्रत्येक अंडं एकदा दिव्यावर धरून बघावं लागतं. त्यासाठी एक बिनखिडकीची काळोखी खोली होती. टेबलात दिवा बसवलेला, त्याला वर रुपयाएवढं भोक. त्या भोकावर अंडं धरलं की आतलं दिसतं. जिवंत असलं तर लाल रेघांचं जाळं आणि मध्ये एक काळा ठिपका. तो ठिपका हलतो. आतला जीव मेला असेल तर रक्ताचं कडं. आणि ज्यात मुळात कधी काही नव्हतंच, ते अंडं सबंध उजळतं. पिवळं, स्वच्छ, कुठे डाग नाही.

नवीन मुली इथेच फसायच्या. सगळ्यात सुंदर दिसणारं अंडं त्या जपून बाजूला ठेवायच्या आणि जाळंवालं टाकून द्यायच्या. अक्का त्यांचा हात धरायची. “उजेड बघू नका. आत काय आहे ते बघा,” म्हणायची.

तिचा दुसरा नियम असा की अंडं पूर्ण एक फेरी फिरवल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. कधीकधी जीव पलीकडच्या बाजूला चिकटलेला असतो. बाकीच्या बाया भराभर हात उरकायच्या. अक्का सगळ्यांत हळू. मुकादम तिच्या नावाने खडे फोडायचा, पण तिच्या हातून एकही जिवंत अंडं कचऱ्यात गेलं नाही, आणि हे त्यालाही माहीत होतं. इतकी वर्षं काळोखात काढल्यामुळे तिला दिवसाचा उजेड सोसत नाही. रस्त्यात ती कपाळाला आठ्या घालून चालते. लोकांना वाटतं, बाई रागीट आहे. रागीट मी आहे. ती फक्त डोळे बारीक करते.

ही फिरवून बघायची खोड तिने घरीही आणली. चपला घ्यायला गेली की दुकानदार रडकुंडीला येई. माझ्यासाठी मुलगा बघायला आली तेव्हा तिने त्याला म्हटलं, जरा आतून पाण्याचा पेला आणता का? बिचारा उठला, स्वयंपाकघरात जाऊन आला. तो गेल्यावर ती मला म्हणाली, पाठमोराही ठीक आहे, पेला परत जागेवर ठेवतो, हो म्हण. माझा नवरा हे शेवटपर्यंत हसून सांगायचा. माणूस खरंच ठीक निघाला.

आपल्या मुलीच्या वेळी मात्र अक्काची पाळी होती कारखान्यात. बेबीसाठी मुलगा तिच्या वडिलांनी पसंत केला. देखणा, गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी, त्यांच्या चर्चमध्ये गायचा. बोलायला असा गोड की भेटलेला माणूस दुसऱ्याला सांगत सुटावा. अक्काने त्याला एका बाजूने पाहिलं, तेही रविवारच्या प्रार्थनेत, आणि हो म्हटलं.

बेबी आता चौतीस वर्षांची आहे. शर्टांच्या कारखान्यात काजं करते, म्हणजे बटणांची भोकं. मूल नाही, आणि त्यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. बोलणारे पुष्कळ आहेत. पाच वर्षांपूर्वी ती एकदा माहेरी आली होती. तो आठ-आठ दिवस बोलत नाही, ताट भिंतीवर फेकतो, असं म्हणाली. अक्काने तिला दोन दिवस ठेवून घेतलं आणि परत पाठवलं. थोडं सोस, म्हणाली. मीही तेच म्हणाले होते, कशाला लपवू.

गेल्या हिवाळ्यात ती पुन्हा आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हाताला पट्टी. स्वयंपाकघराचं दार हातावर लागलं, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं होतं. बेबीनेही डॉक्टरांना तेच सांगितलं. आईला मात्र तिने रात्रीचं जेवण झाल्यावर, भांडी पुसता पुसता सांगितलं की दार दोनदा लागलं. पहिल्यांदा लागलं तेव्हा ती ओरडली. मग त्याने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा लावलं.

पट्टी सुटली तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली होती. कारखान्याने तिला काजांवरून काढून घड्या घालायला बसवलं. अक्का त्या दिवसापासून गप्प झाली. मला भीती वाटायला लागली, म्हणून मीच दोघींना ओढून वाचनमंडळात नेलं. आता वाटतं, त्यापेक्षा नदीवर नेलं असतं तर बरं झालं असतं. निदान वारा तरी लागला असता.

वाचनमंडळ बुधवारी पाच वाजता चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरतं. लोखंडी खुर्च्या, कोपऱ्यात बंद पडलेला पियानो, चहाचा थर्मास आणि मऊ पडलेली बिस्किटं. चौदा-पंधरा माणसं असतात. पाळकसाहेबांची बायको मंडळ चालवते, तिलाच आम्ही बाईसाहेब म्हणतो. बाई वाईट नाही. आजाऱ्याला डबा पोचवते, कोणाच्या मयताला सगळ्यांत आधी हजर असते. पण तिला प्रत्येक गोष्टीतून काहीतरी शिकायचं असतं, आणि शिकून झालं की दुसऱ्याला शिकवायचं असतं.

यंदाचं पुस्तक होतं प्राण्यांकडून जगायला शिकण्यावरचं. एका प्रकरणात एक प्राणी, शेवटी ‘स्वतःला विचारा’ म्हणून पाच प्रश्न. मोठ्याने वाचायचं काम माझं, कारण माझा आवाज स्पष्ट आहे आणि निम्म्या लोकांचे चष्मे घरी राहिलेले असतात. मुंगी कधी तक्रार करत नाही, असं मी वाचलं. “तिला विचारलं कोणी?” अक्का म्हणाली. गाढव ओझ्याखाली मान खाली घालून चालतं, यावरून आपण नम्रता शिकावी, असं मी वाचलं. मान वर केली की फटका बसतो, म्हणून घालतं, असं अक्काचं म्हणणं पडलं. दातांचे डॉक्टर आहेत मंडळात, ते खो खो हसले. बाईसाहेबही हसल्या, पण ओठ मिटून.

मी घरी जाऊन अनुक्रमणिका पाहिली. बारा प्राणी. त्यांत चावणारा एकही नाही. कुत्रा होता, तोसुद्धा मालकाच्या दारात झोपलेला.

पाचवं प्रकरण कोंबडीचं. नेमकी त्याच आठवड्यात चर्चच्या राखणदाराची तांबडी कोंबडी खुडूक झाली. अंडी घालायचं थांबवून ती हॉलच्या जिन्याखाली, गायकमंडळींचे जुने झगे ठेवायच्या खोक्यात जाऊन बसली, आणि उठवायला गेलं की फुगून अंगावर यायला लागली. बाईसाहेबांना हा देवाचा संकेत वाटला. पुस्तकात आई आपल्या पंखांखाली ऊब देत दिवस मोजते असं लिहिलेलं, आणि इथे जिन्याखाली साक्षात तीच. त्यांनी बाजारातून एक डझन अंडी आणली, तपकिरी, कारण ती जास्त खरी दिसतात, आणि कोंबडीखाली सरकवली. खोक्याला रिबन बांधली. भिंतीवर दिवसांचा तक्ता लावला. एकविसावा दिवस बुधवारीच येत होता.

बाजारातली अंडी. खायची अंडी. त्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. आमच्या चर्चच्या आवारात एक कोंबडा होता, पण तो नेमका प्रवचनात आरवतो म्हणून बाईसाहेबांनीच त्याला वर्षापूर्वी दुसरीकडे पाठवून दिला होता.

अक्काने पहिल्याच दिवशी सांगितलं. सगळ्यांसमोर नाही. चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगितलं, की बाईसाहेब, यांतून काही निघणार नाही, कोंबडी उगाच वाळेल. बाईसाहेबांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “अक्का, तुमचा अनुभव यंत्रांचा आहे. हे आईचं काम आहे.”

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. एकतीस वर्षं. पण मी काय केलं? पुस्तक उघडलं आणि पुढचं पान वाचलं.

आणि बेबी ऐकत होती. हे आम्हाला उशिरा कळलं. ती दर बुधवारी लवकर जाऊन जिन्याखाली वाकून बसायला लागली. बाईसाहेब तिच्याशेजारी स्टूल घेऊन बसायच्या. कोंबडी बघ, कशी दिवस-रात्र बसलीय, तिला आत काय चाललंय ते दिसत नाही, तरी उठत नाही. बाहेरून काहीच घडत नाही असं वाटतं तेव्हाच आत सगळं घडत असतं. घर असंच उभं राहतं. तुझा नवरा मला भेटून गेला, रडला गं माझ्यापुढे. हे सगळं बेबीने मला नंतर सांगितलं, शब्दाला शब्द. माझी भाची आहे, तिलाही टाइप केल्यासारखं आठवतं.

मग एक दिवस बाईसाहेबांनी मंडळात जाहीर केलं की एकविसाव्या दिवशी छोटासा कार्यक्रम करू. पिल्लं बाहेर येतील, कोंबडीच्या प्रकरणाचा समारोप होईल, आणि आपल्या बेबीला घरी न्यायला तिचे यजमान येतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेबीने मान खाली घातली. अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि मी थर्मासकडे.

त्या रात्री मायलेकींचं वाजलं. मी तिथेच होते. अक्का म्हणाली, उद्या जाऊन मी ती अंडी उचलून फेकणार. बेबी शांतपणे म्हणाली, “आई, तू हात लावू नकोस. तूच मला सोस म्हणाली होतीस. आता मी सोसतेय तर तुला नको झालंय.”

अक्काने उठून बेबीचं अंथरूण घातलं. उशिरा, बेबी झोपल्यावर, ती मला म्हणाली, “त्या वेळी मी तिला दिव्यावर धरलंच नाही. फिरवलं नाही. नुसतं वरून बघून परत ठेवून दिलं.” मी तिला समजवायला गेले तर म्हणाली, गप बस, तू पण होतीस.

एकविसावा दिवस आला आणि गेला. अंडं एकही हललं नाही. मला वाटलं, सुटलो. पण बाईसाहेब अशा सहज हार मानणाऱ्यांतल्या नाहीत. निसर्गाला घड्याळ नसतं, त्या म्हणाल्या, आणि तक्त्याला खाली आणखी एक कागद चिकटवला. सात दिवस वाढवले. जावयालाही फोन करून पुढच्या बुधवारी बोलावलं. चार-पाच जण म्हणाले, किती सहनशील आहे नाही ही कोंबडी. दातांचे डॉक्टर तेवढे गप्प होते, पण गप्प राहून काय उपयोग.

खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठते. दाणे टिपते, पाणी पिते, पाय मोकळे करते आणि परत येऊन बसते. ही उठणार कुठे? हॉलला बुधवार-रविवार सोडून कुलूप. हॉलमध्ये दाणे सांडायचे नाहीत अशी बाईसाहेबांची राखणदाराला ताकीद. त्याने चोरून ठेवलेली पाण्याची वाटी पहिल्याच दिवशी उपडी झाली होती. दुसऱ्या आठवड्यात अक्काने हे पाहिलं तेव्हा कोंबडीचा लाल तुरा पिठासारखा पांढरा पडला होता, आणि छातीची पिसं तिने स्वतःच उपटून अंड्यांखाली अंथरली होती. अक्काने राखणदाराकडून किल्ली घेतली आणि रोज दुपारी एक वाजता, डोक्यावर टॉवेल धरून, त्या रणरणत्या उन्हातून डोळे मिटत-उघडत हॉलवर जायला लागली. वाटीने पाणी पाजायची, चार दाणे पुढे धरायची. कोंबडी दोन घोट घेई आणि चोच फिरवी.

मी विचारलं, अंडी काढून का टाकत नाहीस? ती म्हणाली, मी काढली तर म्हणतील हिने पिल्लं मारली, आणि आमची पोरही तेच म्हणेल, जन्मभर. तिचं तिला दिसायला हवं.

अठ्ठाविसाव्या दिवशी हॉल भरला होता. एरवी न येणारेही आले होते. पाळकसाहेब पहिल्या रांगेत. बेबीची बॅग दुपारीच जावयाच्या गाडीत ठेवून झाली होती. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती, उजवा हात मांडीवर आणि त्यावर डावा हात. तिला तशी सवयच लागली होती. जावई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात फुलं घेऊन सगळ्यांना भेटत होता. मलाही भेटला. “मावशी, तब्येत कशी आहे?” म्हणाला. मी बरी आहे म्हणाले. या जिभेला काय म्हणावं मला कळत नाही.

बाईसाहेबांनी खोका आणवून मधल्या टेबलावर ठेवला. कोंबडी आत होती. तिला मान धरता येत नव्हती. बाईसाहेब बोलायला लागल्या, की पिल्लं अजून आली नाहीत, पण धडा तर आलाच आहे. मग त्या मला म्हणाल्या, शेवटचं पान वाचा.

मी उभी राहिले. पुस्तक उघडलं. आणि तेवढ्यात अक्काने उठून खिडक्यांचे पडदे ओढायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. मग दाराजवळ जाऊन दिवे बंद केले. कोणी तरी विचारलं, काय चाललंय. पिशवीतून तिने एक पत्र्याचा डबा काढला. निवृत्त होताना कारखान्याने तिला भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं होतं. तिने घड्याळ नको, माझा जुना दिवा द्या, म्हणून मागून घेतला होता. तो तिने टेबलावर ठेवला, तार जोडली, आणि त्या अंधारात एक वाटोळा उजेड वर छताला लागला.

“अक्का, ही वेळ नाही,” बाईसाहेब म्हणाल्या.

“पाच मिनिटं,” अक्का म्हणाली. “एकतीस वर्षं हेच केलंय. पाच मिनिटांपेक्षा जास्त लागणार नाहीत.”

तिने कोंबडीच्या पोटाखाली हात घालून पहिलं अंडं काढलं आणि दिव्यावर धरलं. ते सगळं उजळलं. लोकांच्या तोंडून आपोआप आवाज निघाला. बाईसाहेब पुढे झुकल्या. “किती सुंदर,” त्या म्हणाल्या. “बघा, आत प्रकाश आहे.”

“आत काही नाही,” अक्का म्हणाली. “म्हणूनच एवढं उजळतंय.”

तिने ते पूर्ण फेरी फिरवलं, खाली ठेवलं, आणि दुसरं काढलं. तेही तसंच. तिसरं तसंच. चौथं काळं, नुसतंच नासलेलं, आत पाणी डुचमळत होतं, त्याला वास होता. तिसऱ्या रांगेतल्या कोणीतरी नाकाला रुमाल लावला. पाचवं उजळ. सहावं उजळ. प्रत्येक वेळी पूर्ण फेरी, आणि मग एकच शब्द: रिकामं. बाईसाहेब काहीतरी म्हणायला गेल्या तेव्हा पाळकसाहेब त्यांना म्हणाले, थांब जरा. त्या माणसाचं इतक्या वर्षांतलं मला पटलेलं हे एकच वाक्य.

सहा झाल्यावर अक्का थांबली. “बेबी, इकडे ये.”

बेबी उठली नाही.

“मी सांगते म्हणून ऐकू नकोस. बाईसाहेब सांगतात म्हणूनही ऐकू नकोस. तू बघ.”

बेबी आली. तिने सातवं अंडं घेतलं, उजव्या हाताने, आणि दिव्यावर धरलं. फिरव, अक्का म्हणाली. वाकड्या बोटांनी अंडं नीट फिरेना. तिने बोटं दिव्याच्या तोंडावर आणली, आणि त्या उजेडात तिचा सबंध हात लाल दिसायला लागला. मधली दोन बोटं जिथून मोडली होती तिथे ती वळून उभी होती. गेले चार महिने ती दर बुधवारी आमच्यात बसत होती. हा हात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. चहाचा कप त्याच हाताने घेत होती. पण तो कोणी पाहिला नव्हता. आता सगळा हॉल काळोखात होता आणि बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

मागून जावयाचा आवाज आला. “दार लागलं होतं,” तो म्हणाला.

त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

बेबी अंड्याकडेच बघत होती. तिने फेरी पूर्ण केली, सावकाश, आईसारखी. मग अंडं खाली ठेवलं.

“दोनदा लागलं,” ती म्हणाली.

जावई टेबलाजवळ आला. आवाज तसाच गोड. आई, आता पुरे, लोक बघताहेत, घरी जाऊन बोलू. बोलता बोलता त्याने बेबीचं मनगट धरलं, हळूच, जसं चारचौघांत धरतात. पण दिवा अजून चालू होता. मनगट धरल्याबरोबर ती दोन बोटं कशी आत वळली, ते सगळ्यांना दिसलं. अक्काने दिवा उचलला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. “हात सोडा,” ती म्हणाली. एकतीस वर्षांत तिने कोणावर आवाज चढवला नव्हता आणि तेव्हाही चढवला नाही. त्याने डोळ्यांवर हात घेतला, आणि त्यासाठी त्याला मनगट सोडावं लागलं.

मग बेबीने दोन्ही हात खोक्यात घालून कोंबडीला उचललं. ती जोरात चोच मारायला लागली. इतक्या अशक्त जिवात एवढं बळ कुठून आलं देव जाणे. बेबीच्या मनगटातून रक्त आलं, पण तिने सोडलं नाही. तिला काखेत घेऊन ती हॉलच्या मागच्या मोरीशी गेली, नळ सोडला, आणि ओंजळीत पाणी धरलं. आधी कोंबडी तोंड फिरवत राहिली. मग पिऊ लागली. मान वर करून घोट गिळायची, परत ओंजळीत चोच घालायची. किती वेळ पीत होती. ओंजळ गळायची, कारण बोटं नीट मिटत नव्हती, आणि बेबी पुन्हा पुन्हा भरत होती.

कोणीतरी दिवे लावले. जावई हसायचा प्रयत्न करत बाईसाहेबांशी काहीतरी बोलत होता. बेबी मोरीपाशी पाठमोरी होती. तशीच, मान न वळवता, ती म्हणाली, “माझी बॅग तुझ्या गाडीत आहे. ती काढून दे.”

तो जागचा हलला नाही. पाळकसाहेब जमिनीकडे बघत होते. दातांचे डॉक्टर चष्मा पुसत होते. माझ्या हातात अजून ते पुस्तक होतं, शेवटचं पान उघडलेलं. मी ते मिटून खुर्चीवर ठेवलं आणि त्याच्यासमोर जाऊन हात पुढे केला.

“चावी,” मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुर्ची बोलली. चावी दिली. मी जाऊन बॅग काढली आणि स्वतः उचलून आणली. जड होती. वाटेत दोनदा खाली ठेवावी लागली, पण दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

घरी जाताना अक्काने दिवा घेतला, बेबीने कोंबडी. राखणदार म्हणाला, तुमच्याकडेच राहू द्या तिला. उरलेली पाच अंडी अक्काने त्याच संध्याकाळी दिव्यावर धरून पाहिली. मी म्हटलं, आता कशाला, कळलं ना सगळ्यांना. ती म्हणाली, न बघता कसं सांगायचं.

माझा राग अजून गेलेला नाही. बाईसाहेबांवर आहे, त्या जावयावर तर आहेच, आणि आम्हा दोघी बहिणींवर सगळ्यात जास्त आहे. अहवाल मी काल टाइप करून पाठवला. तिसऱ्या पानावरची ती ओळ मी बदलली. तीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या मजकुराला हात लावला. आता तिथे असं आहे: ‘बारा अंडी तपासली. बाराही रिकामी निघाली. कोंबडी उठली आहे आणि दाणे खाते.’